बेगम पुन्हा बसली

११ एप्रिल

जिल्ह्याच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, मेजर, रक्तदाब कमी करायचा असेल तर ओरडणं बंद करा. मी ओरडून विचारलं, मी कुठे ओरडतो? तो म्हणाला, रोज जो राग येईल तो वहीत काढा, माणसांवर काढू नका. म्हणून ही वही.

आजचा राग मुख्यालयावर. कर्नल हमरोकुल यांचा फोन आला. म्हणाले, "खुदोयोर, पंज नदी तुझ्या चौकीसमोर वेगळी वाहते का रे? वरच्या चौकीने अफू पकडली, खालच्या चौकीने हेरॉईन पकडलं. तुझ्यापुढून काय, नुसतं पाणीच जातं?"

मी म्हटलं, "साहेब, माझा दराराच असा आहे की इथे कुणी फिरकतच नाही."

त्यांनी फोनच ठेवून दिला. बहुधा पटलं असावं.

दोन वर्षं झाली मला या चौकीवर येऊन. एक चिमूटभर माल या काठाला लागलेला नाही. माझा उपप्रमुख कॅप्टन शेरोझ म्हणतो, साहेब, तुमचं नाव काढलं की नदीपलीकडच्या अफगाण गावात लोकांच्या हातून चहाचे पेले पडतात. शेरोझ हुशार माणूस. कुठल्या दिवशी कुठल्या काठावर गस्त घालायची ते तोच ठरवतो, सगळं त्याच्या डोक्यात असतं. मला त्यात लक्ष घालावं लागत नाही. असा हाताखालचा माणूस मिळायला नशीब लागतं.

१९ एप्रिल

चौकीला कुत्री आली. परदेशी लोकांचा कसला तरी मदत-प्रकल्प आहे, त्यांनी सरहद्दीवरच्या प्रत्येक चौकीला एकेक दिली. आमची तांबूस रंगाची, लांब कानांची, अंगाने अगदी बेताची. आमच्या डोंगरातल्या मेंढपाळांच्या कुत्र्यापुढे ही म्हणजे मांजर. नाव काहीतरी परदेशी आहे, जीभ वळत नाही.

तिला घेऊन राजधानी दुशान्बेहून लारिसा आंद्रेयेव्ना आल्या. साठीच्या बाई, आवाज बसलेला, एक सिगारेट विझली की दुसरी. कुत्र्यांना शिकवण्यात जन्म गेला म्हणे. कुत्रीसोबत आमचा शिपाई उमेद सहा आठवडे शिकून आला आहे. मला त्या म्हणाल्या, "मेजर, सगळं उमेदला ठाऊक आहे. तुम्ही फक्त त्याचं ऐका." मेजरने शिपायाचं ऐकायचं! मी मान डोलावली, राग इथे लिहितो आहे.

जाताना दोन पुस्तकं देऊन गेल्या. एक शिकवणीचं, जाडजूड, परदेशी भाषेत. दुसरी कुत्रीची वही. कुत्रीने काही शोधलं की त्यात लिहायचं: तारीख, जागा, मालक, सही. जूनअखेर त्या येऊन वही घेऊन जाणार, ती थेट प्रकल्पाच्या लोकांकडे जाते. "आणि मेजर, त्यात खोटं लिहिलेलं मला चालत नाही. माझ्या कुत्रीचं नाव खराब होतं," असं बजावून गेल्या. जसं काही मी कधी खोटं लिहिलं आहे.

२४ एप्रिल

उमेदची सक्तीच्या नोकरीची दोन वर्षं काल संपली. आज तो कुलोबला घरी निघून गेला. सहा आठवड्यांचं शिक्षण त्याच्यासोबत गेलं. मी मुख्यालयाला फोन केला, तर तिथला कारकून म्हणाला, कुत्री तर आहे ना जागेवर? मग कागदोपत्री सगळं ठीक आहे.

कुत्री आता आमच्या आचाऱ्याकडे, हकनझरकडे दिली. तो पंचवीस वर्षं मेंढ्या राखत होता, कुत्र्यांतलं त्याला कळतं. त्याने तिच्याभोवती दोनदा फेरी मारली आणि म्हणाला, "साहेब, ही भुंकत नाही."

"मग काय करते?"

"बसते."

खरं आहे. काल शेरोझच्या निवा जीपच्या मागच्या दाराशी जाऊन बसली, ती हलेना. नाक दाराला लावून नुसती बसून. सावली बघून बसली असणार. शेरोझने लाथ घालून उठवली. जवानांनी तिचं नाव बेगम ठेवलं आहे.

मी ते शिकवणीचं पुस्तक चाळलं. अक्षर लागत नाही, पण फोटो छान आहेत. एका फोटोत कुत्रा पेटीपुढे बसला आहे, एकात मोटारीपुढे, एकात पिशवीपुढे. सगळीकडे बसलेलाच. फोटो काढायचा तर कुत्र्याला बसवावंच लागतं म्हणा.

३ मे

आज राग नाही. आज आनंद लिहितो.

मेहरांगेझला मागणी आली! दुशान्बेहून अकोबिर नावाचे गृहस्थ आले होते, आपल्या पुतण्यासाठी. पुतण्याचं नाव इलहोम, धंदा आयात-निर्यातीचा. कशाची आयात नि कशाची निर्यात ते मी विचारलं नाही, पाहुण्याला असलं विचारणं बरं दिसत नाही. शेरोझनेच ही ओळख घालून दिली.

मेहरांगेझ तेवीस वर्षांची आहे, गावच्या शाळेत गणित शिकवते. स्वभावाने माझ्यावर गेली आहे, म्हणून आजवर दोन स्थळं परत गेली. मला रोज धास्ती वाटायची की ही पोरगी अशीच राहते की काय. आणि आता राजधानीतलं घर, तिथे गॅस, तिथे चोवीस तास वीज!

सवरी, म्हणजे माझी बायको, मात्र चहा गाळता गाळता म्हणाली, "अहो, राजधानीत मुली संपल्या का? एवढे डोंगर ओलांडून इथे कशाला आले?"

मी म्हटलं, "नाव ऐकून आले. सरहद्दीवर नाव कमावलंय मी." अकोबिरही तेच म्हणाले होते: "मेजर, तुम्ही या चौकीवर आहात तोवर आम्हाला कसली काळजी नाही." किती मनापासून बोलला माणूस.

१५ मे

आमच्याकडे लग्नाच्या रजया मुलीकडच्यांनी करायच्या, कापूसही त्यांचाच. पण अकोबिर यांनी निरोप धाडला की कापूस आम्ही पाठवतो, वख्शच्या खोऱ्यातला, पहिल्या प्रतीचा. असे व्याही शोधून मिळत नाहीत.

दुशान्बेचा रस्ता दरड कोसळून आठ दिवस बंद आहे, तरी पोती वेळेवर आली. शेरोझने कुठून आडवाटेने आणली कोण जाणे. पोत्यांचे तळ ओले होते. म्हणाला, वाटेत पावसाने गाठलं. आमच्याकडे तीन आठवड्यांत ढग दिसलेला नाही, पण डोंगरापलीकडचं हवामान वेगळं असतं.

पोती उतरवताना बेगम आली आणि पोत्यांपुढे बसली. शेरोझ म्हणाला, "साहेब, आळशी जनावर आहे. मऊ काही दिसलं की बसतं." मी हकनझरवर ओरडलो. म्हणजे ओरडणार होतो, पण इथे लिहितो आहे.

२२ मे

घरात पाय ठेवायला जागा नाही. रजया भरणं चालू आहे.

ज्या बायकांचा संसार सुखाचा आणि पोराबाळांनी भरलेला, त्यांनीच रजया भरायच्या असतात. शेरोझची बायको नोझगुल आठ मुलांची आई, म्हणून मुख्य मान तिचा. बाई कामाला वाघ आहे. कापूस भरायला दुसऱ्या कुणाला हातच लावू देत नाही. दार लावून घेते, किल्लीही स्वतःच्या हातात ठेवते, एकटी भरते, बाकीच्यांना नुसत्या कडा शिवायला बोलावते. सवरीने हट्टाने एक रजई स्वतः भरली, तेवढीच. नोझगुलला ते आवडलं नाही.

शेवटची गाठ मारली की त्या रजया मुलीच्या. आईबापांनीही त्यावर हक्क सांगायचा नाही. आणि सासूने गाठोडं सोडेपर्यंत त्यांना कात्री लावायची नाही, लावली तर संसार उसवतो असं इथे मानतात. रजयांची, भांड्यांची, कपड्यांची यादी गावासमोर वाचून झाली आणि मेहरांगेझने खाली सही केली.

सही करून आली आणि म्हणाली, "बाबा, रजया जड आहेत."

"चांगला कापूस जड असतो."

"चांगला कापूस हलका असतो, बाबा. आईने भरलेली चार किलो भरली. बाकीच्या सात-सात किलो आहेत. मी शाळेच्या काट्यावर बघितल्या."

काय बोलावं? लग्न ठरलेली मुलगी, आणि रजया काट्यावर घालते! अशाने दोन स्थळं गेली. मी म्हटलं, दाबून भरल्या असतील. नोझगुलचा हात मोठा आहे.

मग म्हणाली, ते कुत्रीचं पुस्तक मला द्या, मला ती भाषा थोडी येते. मी साफ नाही म्हटलं. सरकारी कागद आहे तो. घरच्या माणसाला सरकारी कागद दाखवायचा नाही हा माझा नियम आहे आणि तो मी कधी मोडलेला नाही.

२ जून

बेगम काल आमच्या घरी शिरली. आमच्यात कुत्रं उंबऱ्याच्या आत येत नाही. ती दुसऱ्या खोलीत गेली आणि रजयांच्या ढिगापुढे बसली. सवरीने किंचाळून घर डोक्यावर घेतलं, मग तीनदा धुतलं. मेहरांगेझ मात्र कुत्रीकडे बघत उभी राहिली, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बघ, जनावरालाही लग्नघर कळतं.

६ जून

हकनझरची नि माझी मसलत झाली. कुत्री भुंकत नाही तोवर तिचा उपयोग शून्य. आमच्या डोंगरात कुणालाही विचारा, कुत्र्याला चोर दिसला तर कुत्रा काय करतो? भुंकतो. मान झाडतो, दोरी तोडतो, भुंकून दरी जागी करतो. बसून राहणारा कुत्रा मेंढपाळ ठेवत नाही.

तेव्हा आम्ही तिला भुंकायला शिकवतो आहोत. हकनझर मांसाचा तुकडा धरतो, मी भुंकून दाखवतो. आज बराच वेळ भुंकलो. ती मान वाकडी करून माझ्याकडे बघत होती. शिपाई भिंतीआड जाऊन हसत होते, ते मला दिसलं.

सवरी म्हणाली, "डॉक्टरांनी ओरडू नका म्हणून सांगितलं होतं. भुंकायचं त्यांच्या डोक्यातच आलं नसेल."

१४ जून

भुंकली! सिमेंटच्या ट्रकवर भुंकली. आम्ही ट्रक रिकामा केला, काही निघालं नाही. मग पोस्टमनवर भुंकली. मग हकनझरच्या टोपीवर. सुरुवात आहे, पुढे विवेक येईल.

सुकवलेल्या तुतीची गाडी आली तेव्हा मात्र गप्प बसली. मागच्या चाकापाशी. गाडी शेरोझच्या मेहुण्याची. भुंकली नाही म्हणून आम्ही सोडून दिली. पद्धत आता बसत चालली आहे.

२४ जून

कर्नलचा फोन. या वेळी थट्टा नव्हती. "तीस तारखेला तिमाही संपते. एक तरी पकड दाखव. नाहीतर तुझी बदली दुशान्बेला, गणवेशाच्या गोदामावर. बटणं मोजत बस. मी स्वतः अठ्ठावीसला येतो, कुत्र्यांवाली बाईही माझ्यासोबत आहे."

 मला माझी पर्वा नाही. पण गोदामाच्या मेजरच्या मुलीला ते घर पसंत करेल का? चौकी गेली तर लग्नही जाईल, आणि या वेळी दोष माझा असेल. मेहरांगेझ काही म्हणणार नाही, शाळेत जाईल, वह्या तपासेल, आणि मला रोज तिचं तोंड बघावं लागेल.

न राहवून अकोबिर यांना फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. त्यांना माझ्याहून जास्त धक्का बसला.  मग म्हणाले, "मेजर, मग उशीर नको. लग्न मागाहून होईल, सामान आधी पाठवा. अठ्ठावीसलाच पाठवा, सकाळी, साहेब पोचायच्या आत. आणि चौकीच्या ट्रकमधूनच पाठवा बरं का. वाटेत चार नाके आहेत, कुणी रजया उसवल्या तर पोरीला अपशकुन."

माझ्या पोरीच्या अपशकुनाची एवढी काळजी! फोन ठेवला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

२८ जून

काय झालं ते क्रमाने लिहितो. 

सकाळी आठला चौकीचा ट्रक आमच्या दाराशी लावला. शेरोझने ताडपत्रीला बांधायला सरकारी मोहोर आधीच आणून ठेवली होती. बायका डफ वाजवत होत्या, शेजारणी शकुनाचं पीठ उधळत होत्या. रजया बाहेर काढून अंगणात गालिच्यावर रचल्या. तेवढ्यात कर्नलची गाडी दोन तास लवकर आली. साहेब उतरले, मागून लारिसा आंद्रेयेव्ना उतरल्या.

बेगम कर्नलवर भुंकली. मी म्हटलं, "बघा साहेब, शिकवली आहे."

लारिसाबाई म्हणाल्या, "भुंकायला कुणी शिकवलं हिला?"

"मी."

त्यांनी सिगारेट खाली टाकली. तेवढ्यात बेगम वळली, गर्दीतून वाट काढत गेली आणि रजयांपुढे बसली. नाक रजईला लावलं, शेपटी सरळ केली आणि गप्प झाली.

मी हसून म्हटलं, "एवढा एक दोष राहिलाय. मऊ काही दिसलं की बसते. जीपपाशी बसते, कापसापाशी बसते, तुतीच्या गाडीपाशी बसते. दोन महिने बसतेच आहे."

लारिसाबाई जाऊन कुत्रीपाशी वाकल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "मेजर, तिला बसायलाच शिकवलं आहे. माल सापडला की ती बसते. तिचं सांगणं तेच आहे. उमेदने सांगितलं नाही?"

डफ थांबला. मला पहिल्यांदा काहीच कळलं नाही, आणि मग सगळं एकदम कळलं.  सवरीने ओढणीचं टोक तोंडात धरलं. नोझगुल गर्दीतून मागे सरकत होती. शेरोझ म्हणाला, "साहेब, मी पाहुण्यांसाठी मासे घेऊन येतो," आणि आपल्या जीपमध्ये बसून गेला. तो अजून परत आलेला नाही.

कर्नल म्हणाले, "उघडा."

मी म्हटलं, "साहेब, लग्नाच्या रजया आहेत. कात्री लावायची नसते." खरंच म्हटलं मी असं. त्या क्षणीसुद्धा.

मेहरांगेझ घरात गेली, शिवणाची कात्री घेऊन आली. ठेवणीतले कपडे होते अंगावर. कुणाकडे न बघता तिने वरची रजई टरकन फाडली. आतून कापूस आला, आणि कापसातून मेणकापडात गुंडाळलेले चपटे पुडे आले. मग तिने दुसरी फाडली, मग तिसरी. एकूण चौदा रजया. तेरांमध्ये माल निघाला, प्रत्येकीत तीन किलो. सवरीच्या रजईत कापूसच होता.

पीठ अजून हवेत उडत होतं. मी तिथेच खाली बसलो.

२९ जून

कर्नल माझ्या खुर्चीत बसले आहेत. सकाळी मला बोलावून दार लावलं.

"हे बघ खुदोयोर. घरात सापडलं असं लिहिलं तर मालक कोण? यादीवर तुझ्या मुलीची सही आहे. रीतीने रजया तिच्या, कायद्यानेही तिच्याच. पोरगी बारा वर्षं आत जाईल. तेव्हा आपण लिहायचं: नदीकाठी, वेताच्या बेटात, बेवारस. तिमाहीतली सगळ्यात मोठी पकड. तुला बढती, मला शाबासकी, मुलीचं लग्न ठरल्या जागी. अकोबिर यांची माणसं फार वरपर्यंत आहेत, तेही उपकार विसरणार नाहीत."

लपवून काय करू, या वहीत तरी खरं लिहायला हवं: मला बरं वाटलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. मी त्यांचा हात हातात घेतला. धावतच घरी गेलो.

मेहरांगेझ दुसऱ्या खोलीत कापसात बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, बेवारस, बढती, लग्न.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मी त्याच घरी जायचं?"

"बाळ, तुझ्या नावाला डाग नको म्हणून..."

"बाबा, पहिल्या मुलाचा पाळणा माहेरून जातो. त्यात काय भरून पाठवायचं तेही आत्ताच ठरवून टाका."

मी ओरडलो. दोन महिन्यांचं साठलेलं सगळं ओरडलो. बाप कोण, मेजर कोण, तुला काय कळतं! ती माझ्याकडे बघत राहिली आणि माझा आवाज आपोआप बसला. मग सवरीने मला चहा दिला. कपात साखर घालायला विसरली होती. मी तसाच प्यायलो.

३० जून

लारिसा आंद्रेयेव्ना दुपारी निघणार होत्या, बेगमला घेऊन. कुत्रीला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागेल म्हणाल्या, मी बिघडवून ठेवली आहे. कर्नलचा अहवाल टाइप होऊन तयार होता, वेताच्या बेटासकट. फक्त माझी सही बाकी.

बाईंनी टेबलावर कुत्रीची वही ठेवली. "अहवालात काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण हिची वही माझ्यासोबत जाते. भरा नाहीतर कोरी ठेवा. खोटं लिहिलेली मी नेणार नाही."

कर्नल हसून म्हणाले, "कोरी ठेव रे. कुत्रीची वही कोण वाचतंय?"

मी पेन उचललं. माझं डोकं फार चालत नाही, हे आता मलाही मान्य आहे. पण पाळणा डोळ्यांपुढून हलत नव्हता. लिहायला लागलो. तारीख. माल, एकोणचाळीस किलो. जागा: मेजर खुदोयोर यांचं घर, दुसरी खोली, लग्नाच्या रजया. कापूस कुणी पाठवला, कुणाच्या जीपमधून आला, कुणी भरला, तेही लिहिलं. ओळी कमी पडल्या म्हणून समासात लिहिलं. दोन महिन्यांत ती जिथे जिथे बसली त्या सगळ्या जागाही लिहिल्या. त्या मला पाठ होत्या, कारण माझ्या या रागाच्या वहीत मी त्या चेष्टेने लिहून ठेवल्या होत्या.

मग मालकाचा रकाना आला. कर्नल उठून उभे राहिले. "खुदोयोर, पोरीला आत घालतोस. शुद्धीवर ये."

मी लिहिलं: मालक, मी स्वतः. खाली सही केली.

लारिसाबाईंनी वाचलं. "हे सगळं खरं आहे?"

"मालकाचा रकाना सोडून."

 मग वही मिटून त्यांनी पिशवीत टाकली आणि कुत्रीची दोरी हातात घेतली. मी विचारलं, ती वही खरोखर वाचतात ना तिकडे? म्हणाल्या, "ओळ न् ओळ वाचतात. त्यांना दुसरं कामच नाही."

कर्नलने माझा पट्टा आणि पिस्तूल काढून घेतलं. फार शिव्या दिल्या, मला त्या लागल्या नाहीत. चौकीत कोठडी नाही, म्हणून कांद्याच्या कोठारात ठेवलं आहे. ही वही राहू दिली, डॉक्टरचं औषध म्हणून.

संध्याकाळी हकनझर वाडग्यात शुर्बो, मटणाचा रस्सा, घेऊन आला. म्हणाला, मुख्यालयातून फोन आला होता. तिमाहीत आपली चौकी पहिली आली आहे. प्रशस्तिपत्र चौकीप्रमुखाच्या नावाने काढायचं, पण सध्या प्रमुख कोण ते इथे कुणालाच सांगता येईना.

तो गेल्यावर मेहरांगेझ आली. कोठाराच्या जाळीपाशी उभी राहिली.

"बाबा, मालकाचा रकाना चुकलाय."

"ठाऊक आहे."

"उद्या मी जिल्ह्याला जाते. सरकारी वकिलाकडे. काट्यावर घातलेल्या रजयांचे आकडे माझ्याकडे तारखेनिशी आहेत. त्यावर तुम्ही मला 'दाबून भरल्या असतील' म्हणालात तेही लिहिलेलं आहे. नोझगुलच्या हातातल्या किल्लीचंही सांगणार आहे. आई येतेय सोबत."

मी म्हटलं, खबरदार. तू गेलीस तर तुझं नाव कागदावर येईल, अकोबिरची माणसं आहेत, वकील कुणाचा ते आपल्याला ठाऊक नाही, आणि पुढे तुला कुणी मागणी घालणार नाही. मी तुझा बाप म्हणून सांगतो, घरात बस. ती म्हणाली, ऐकलं, आणि निघून गेली. ती ऐकणार नाही. स्वभावाने माझ्यावर गेली आहे असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. तसं नाही. माझ्यात हे कधीच नव्हतं.

मला भीती वाटते आहे. स्वतःसाठी वाटली असती तर सवयीची होती, ही तशी नाही. जिल्ह्याला जाणारी गाडी सहाला सुटते आणि कुणासाठी थांबत नाही. मेहरांगेझला सकाळी लवकर जाग येत नाही, लहानपणापासून.

मी हकनझरला हाक मारली. सांगितलं, मुलीला पाचला उठव, आणि दोघींसाठी नान बांधून दे.